रोहिणी लागायच्या आत ताडपत्री उलगडा

सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, थ्रेशरचा नंबर दोन दिवसांनी, आणि संध्याकाळी आभाळ दाटून आलं. वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही कास्तकाराला ही संध्याकाळ ओळखीची आहे. त्या दिवशी मी ताडपत्री गंजीवर ओढली, कडेला दगड ठेवले आणि निवांत झोपलो. रात्रभर पाऊस पडला. सकाळी वरून सगळं धड दिसत होतं. आत हात घातला तर मधल्या शेंगा गरम लागल्या, आंबूस वास आला. मळणी झाली तेव्हा दाण्यांना मोड आलेले निघाले. पाणी कुठून शिरलं ते शोधायला बराच वेळ लागला. आदल्या वर्षी पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेलं ठिगळ एका बाजूने सुटलं होतं. फट बोटभर होती, पण ती नेमकी ताडपत्रीला पोट सुटलं होतं तिथेच होती. तिथे पाणी साचत राहिलं आणि रात्रभर आत झिरपत राहिलं.

तेव्हापासून मी जुन्या ताडपत्र्या जवळून पाहू लागलो. घरच्या, शेजारच्या, वर्ध्याच्या गोल बाजारातल्या दुकानांपुढच्या, आठवडी बाजारातल्या पालांच्या, हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्यांवर बांधलेल्या. सगळीकडे एकच दिसलं. भर कापडातून ताडपत्री क्वचितच गळते. ती गळते शिवणीतून, घडीच्या रेषेतून, रिंगेच्या भोवतालून आणि बांबू घासतो तिथून. या चार जागा सांभाळल्या तर टाकून द्यायच्या वाटेवरची ताडपत्री आणखी काही पावसाळे काढते. आणि हे काम उन्हाळ्यातच करायचं असतं. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७ जूनच्या सुमारास. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ताडपत्री वाळत नाही, दोरा ओला राहतो, ठिगळ धरत नाही.

हातात काय आहे ते आधी ओळखा. बाजारात तीन प्रकार सरसकट ‘ताडपत्री’ म्हणून मिळतात, पण तिघींची दुरुस्ती वेगवेगळी. एक सुती कॅनव्हासची, जड, पाण्यात भिजली की आणखी जड होणारी. दुसरी प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली, वरखाली पातळ प्लास्टिकचा थर दिलेली. शेतात सगळ्यात जास्त दिसते ती हीच. तिसरी पीव्हीसीची, रेक्झिनसारखी गुळगुळीत आणि जाड, ट्रकवर असते ती. दुकानांपुढची गुंडाळायची छतंही बऱ्याचदा याच कापडाची. फ्लेक्सचे बॅनरही पीव्हीसीचे असतात, पण पातळ. ते एकदोन हंगामांत तडकतात, त्यांच्यावर मेहनत घेऊ नका.

शंका असेल तर कडेचा एक दोरा उपसून जाळून बघा, अंगणात, कापसापासून लांब. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. प्लास्टिकची पट्टी वितळून थेंब पडतात आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो.

आता तपासणी. ही दुपारी बाराला करा. दोघांनी ताडपत्री डोक्यावर आडवी ताणून धरायची आणि तिसऱ्याने खाली उभं राहून वर बघायचं. जिथे भोक आहे तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. जुन्या कॅनव्हासखाली उभं राहिलं की अंधारात चांदण्या उगवल्यासारखं वाटतं. प्रत्येक ठिपक्याभोवती खडूने गोल करा. मग शिवणी दोन्ही हातांनी आडव्या ओढून बघा. दोरा कुजला असेल तर ‘टर्र’ आवाज येतो. घडीच्या रेषेवर नख फिरवा. प्लास्टिकच्या ताडपत्रीत नखाखाली पांढरी भुकटी आली किंवा थराचे पापुद्रे निघाले, तर उन्हाने ती संपवली आहे. तिच्यावर एक पैसाही खर्चू नका. सरपणाच्या ढिगावर टाका, पण गंजीवर नको.

धुतल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नका, कारण मळावर काहीच चिकटत नाही. कॅनव्हास साध्या पाण्याने, मऊ ब्रशने घासा आणि दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. बुरशीचे काळे ठिपके दिसले म्हणून ब्लीचिंग पावडर टाकण्याचा मोह होतो. ठिपके जातात, पण सुताचा जीवही जातो. वाळल्यावर ब्रशने झटका. उरलेला डाग राहू द्या.

सुती कॅनव्हास दुरुस्त करणं मला सगळ्यात समाधानाचं काम वाटतं. हे कापड शिवणीला साथ देतं. ठिगळाला तसंच जुनं कॅनव्हास घ्या. नवं कापड पहिल्या पावसात आटतं आणि भोवतीचं कापड ओढून धरतं. ठिगळ फाटलेल्या जागेपेक्षा सगळीकडून दोन इंच मोठं हवं आणि त्याचे कोपरे गोल कापलेले हवेत. टोकदार कोपरा वाऱ्यात आधी उचलला जातो. कड आत दुमडा आणि दाभणाने उलटी शिवण घाला. साधा धावदोरा घातला तर एक टाका तुटला की रांग उसवते. उलट्या शिवणीत प्रत्येक टाका आपापला उभा राहतो. दोरा जाड पॉलिस्टरचा घ्या. नायलॉनचा दोरा दिसायला मजबूत असतो, पण आपल्या उन्हात लवकर ठिसूळ होतो. दोरा ओवण्याआधी मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढा. मोची करतात तेच. मेण टाक्याच्या भोकात बसतं आणि दोरा सरकतोही सहज.

यात एक बारकावा आहे, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ताडपत्री बांधल्यावर तिचा उतार कुठे असणार ते आधी ठरवा आणि ठिगळाची वरची कड, म्हणजे जिथून पाणी येणार ती, दुहेरी शिवा. कौलं लावताना वरचं कौल खालच्यावर चढवतो, तोच हिशेब. दोन पट्टे जोडायचे असतील तर वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर चार बोटं चढवून जोडा. उलटं जोडलं तर जोड म्हणजे पाण्याची पन्हाळच होते, आणि ती आत उघडते.

शिवण झाली की लगेच पाणी ओतून निकाल काढू नका. सुती धागा पाण्याने फुगतो आणि बारीक छिद्रं बुजवतो. एकदोनदा भिजवून वाळवा, मग बघा. पाऊस चालू असताना कॅनव्हासला आतून बोटही लावू नका, पोतीही टेकू देऊ नका. बाहेर पाण्याचा थर कापडावर धरलेला असतो. आतून स्पर्श झाला की तिथूनच पाणी झिरपू लागतं.

आता वॉटरप्रूफिंग. बाजारात तयार द्रव मिळतात. ज्यावर कॅनव्हाससाठी असं स्पष्ट लिहिलेलं आहे, ते वापरायला हरकत नाही. पण साबण आणि तुरटीची जुनी पद्धत मला आजही आवडते. ती स्वस्त आहे आणि तिच्यामुळे धान्याला वास लागत नाही. अर्धा किलो साबण किसून आठ लिटर गरम पाण्यात विरघळवा. पाव किलो तुरटी कुटून वेगळ्या भांड्यात, चार लिटर गरम पाण्यात. धुतलेल्या कॅनव्हासला आधी साबणाचं कोमट पाणी दोन्ही बाजूंनी भरपूर लावा, कापडाने ते पिऊ द्या. अर्धवट वाळलं की तुरटीचं कोमट पाणी लावा. साबण आणि तुरटी धाग्यात एकत्र येऊन पाण्यात न विरघळणारा, मेणासारखा पांढरट थर बनतो. तोच पाणी अडवतो. रात्रभर तसंच ठेवा, पिळू नका. सकाळी साध्या पाण्याचा एक हलका हात द्या, कारण तुरटी आम्लधर्मी असते आणि जास्तीची राहिली तर सूत कमजोर करते. मग उन्हात वाळवा. नंतर पाणी शिंपडलं की अळूच्या पानावर राहतात तसे थेंब उभे राहिले पाहिजेत. हा थर एखाददुसरा पावसाळाच टिकतो. दर उन्हाळ्यात पुन्हा द्यावा लागतो.

यात दोन ठिकाणी चूक होते. पहिली साबणाची. आज दुकानात कपड्यांची वडी म्हणून मिळतं ते बरेचदा डिटर्जंट असतं, साबण नव्हे. डिटर्जंटचा इथे काडीचा उपयोग नाही. ओळखायचं कसं? पेलाभर पाण्यात थोडी वडी विरघळवा आणि त्यात तुरटीचं पाणी घाला. दूध फाटल्यासारख्या गुठळ्या झाल्या तर तो खरा साबण. नाही झाल्या तर ती वडी धुणं धुवायला ठेवा.

दुसरी चूक पाण्याची. आपला बराचसा जिल्हा काळ्या खडकावर वसलेला आहे आणि कितीतरी विहिरींचं पाणी जड आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, तेच हे पाणी. त्यातले क्षार अर्धा साबण आधीच खाऊन टाकतात आणि कापडापर्यंत काही पोचत नाही. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम, नाहीतर ज्या नळाच्या पाण्याला चांगला फेस येतो ते घ्या.

मेणाचीही पद्धत आहे. कापडावर मेणाची वडी घासायची आणि गरम इस्त्री फिरवायची, की मेण आत मुरतं. थंड प्रदेशात हे छान चालत असेल. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात ताणलेलं कापड त्याहून कितीतरी जास्त तापतं. मेण मऊ पडून चिकट होतं, धूळ धरतं, घडीला घडी चिकटते. म्हणून पूर्ण कापडाला मेण लावू नका. फक्त शिवणींवर आणि ठिगळाच्या कडांवर लावा. मेण वितळवायचं असेल तर पातेल्यातल्या गरम पाण्यात डबा ठेवून वितळवा, आणि रॉकेल किंवा टर्पेंटाइन चुलीजवळ अजिबात आणू नका.

काही गोष्टी कळकळीने सांगतो, कारण गावोगावी अजून होताना दिसतात. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल किंवा डांबर कॅनव्हासला लावू नका. पहिल्या वर्षी पाणी अडतं. मग कापड ताठरतं, घडीवर तुटतं, आणि खालच्या धान्याला, कापसाला डाग आणि वास लागतो. जवसाचं तेल लावण्याची जुनी चाल आहे. ते वाळल्यावर पाणी अडवतं हे खरं, पण त्याने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ज्या घरात, ज्या कोठ्यात कापूस भरलेला असतो तिथे ही जोखीम घ्यायचीच नाही. लावलंच असेल तर चिंध्या एकेक करून मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्लास्टिकच्या ताडपत्रीला कुठलंही साधं गोंद धरत नाही. फेव्हिक्विक नाही, एम-सील नाही, पंक्चरचं सोल्युशन तर नाहीच. माझी गंजी त्यातच गेली. पॉलिथिनचा पृष्ठभाग असा आहे की त्यावर गोंद बसतं, पण धरत नाही. त्याला दोन उपाय. ताडपत्रीसाठीची खास चिकटपट्टी मिळते. ती स्वच्छ, कोरड्या जागी आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून लावा आणि चमच्याच्या पाठीने घासून दाबा. किंवा उष्णतेने जोडा. त्याच जातीच्या जुन्या ताडपत्रीचा तुकडा फाटलेल्या जागी ठेवा. वर आणि खाली बटर पेपर घाला आणि मंद इस्त्री थोडी थोडी टेकवा. आधी कोपऱ्यावर करून बघा. थर नुसता मऊ होऊन चिकटला पाहिजे, विणलेल्या पट्ट्या आकसता कामा नयेत. खिडक्या-दारं उघडी ठेवा. चीर लांब असेल तर तिच्या दोन्ही टोकांना गोल भोक पाडा, चीर पुढे सरकत नाही.

प्लास्टिकच्या ताडपत्रीच्या कडा उसवून त्यातून पट्ट्यांचे धागे लोंबत असतील तर ते आजच कापा आणि कड गरम सुरीने बंद करा. हे दिसण्यासाठी सांगत नाही. हे धागे कापसात मिसळले की जिनिंगमध्ये रुईतून नीट निघत नाहीत, सुतात आणि कापडात जातात आणि गाठीची प्रत घसरते. कापसावर टाकायची ताडपत्री शक्यतो सुतीच असावी, निदान कापसाला लागून सुती चादर आणि वरून प्लास्टिक असावं.

पीव्हीसीचं काम त्यामानाने सरळ आहे. स्पिरिटने पुसा, त्याच कापडाचं गोल कोपऱ्याचं ठिगळ घ्या, पीव्हीसीसाठीचं लवचीक गोंद दोन्हीकडे लावा, मध्यापासून कडेकडे दाबत हवा काढा आणि रात्रभर वजन ठेवा. पाइप जोडायचं सोल्युशन वापरू नका. जोड कडक होतो आणि घडी पडली की तुटतो. काम सकाळी सात ते नऊमध्ये उरका. दुपारी गोंद लावेपर्यंतच वाळतं.

रिंगा हा ताडपत्रीचा सगळ्यात दुबळा भाग. लोखंडी रिंगेचा गंज सुती कापड खातो, म्हणून पितळेची घ्या. निखळलेली रिंग त्याच भोकात पुन्हा बसवली तर ती पहिल्या वावटळीत जाते. आधी तिथे दुहेरी कॅनव्हास किंवा चामड्याचा तुकडा शिवा, मग नवं भोक पाडून रिंग ठोका. शेतात हे सामान नसेल तर आपल्याकडची जुनी युक्ती आहेच. कोपऱ्यात एक गोल गोटा कापडात गुंडाळायचा आणि त्याच्या मानेला दोरी बांधायची. भोकही पाडावं लागत नाही आणि ओढ सगळ्या कापडावर वाटली जाते.

दुरुस्त केलेली ताडपत्री कशी बांधता यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. दुकानापुढच्या दहा फुटी छताला भिंतीकडून बाहेरच्या कडेपर्यंत किमान अडीच फूट उतार द्या. यापेक्षा कमी दिलात तर झडीत मध्ये पोट सुटतं. २०२२ च्या जुलैतल्या अतिवृष्टीसारखा पाऊस लागला की त्या पोटात साठलेलं पाणी बांबूसकट छत खाली आणतं. दोरी थेट रिंगेत घट्ट आवळू नका. मध्ये मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची वितीची पट्टी बांधा. वारा आला की ट्यूब ताणते, रिंग फाटत नाही. बांबूच्या टोकांना आणि जिथे जिथे कापड टेकतं तिथे तरटाचे बोळे बांधा. तर्री-पोहे, आलूबोंड्याची कढई छताखाली असेल तर शेगडी कडेला, मोकळ्या आभाळाखाली सरकवा. प्लास्टिक पेटलं की जळते थेंब गळतात, आणि खाली माणसं उभी असतात.

गंजीवर घालताना मध्ये तुऱ्हाट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा उंचवटा करा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं आणि ताडपत्री मालाला चिकटत नाही. पाऊस थांबून ऊन पडलं की एक बाजू उचलून हवा खेळू द्या; दमट गंजी झाकूनच ठेवली तर आतूनच तापते. ओलाव्याची किंमत बाजारात रोख मोजावी लागते. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) ८ टक्के ओलाव्याचा कापूस पूर्ण भावाने घेते, त्यापुढे दर टक्क्याला भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की घेतच नाही. सोयाबीनला हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असते; २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण दर वर्षी तसं होईल या भरवशावर बसता येत नाही.

ओली ताडपत्री कधी घडी घालून ठेवू नका, एक रात्रसुद्धा नको. वाळली की बांबूवर गुंडाळा. घडीच घालावी लागली तर दर वेळी वेगळ्या रेषेवर घाला. जमिनीवर न ठेवता टांगा, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका आणि उंदरांची वाट बंद करा.

यंदा एक दुपार काढा. तिघे जण मिळून ताडपत्री उन्हात उलगडा, खाली उभं राहून चांदण्या मोजा, दाभण आणि दोरा घेऊन बसा. हे सगळं २५ मेच्या आत झालं पाहिजे.